जास्तीचं तेल

गाडी पुन्हा बंद पडली. या खेपेला पेणच्या एसटी स्टँडच्या तोंडाशीच. अलिबागची एसटी बाहेर निघायला आणि सरूची गाडी तिच्या नाकासमोर गचका खाऊन गप्प व्हायला एकच गाठ पडली. एसटीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे विटांचा टेम्पो, आणि टेम्पोवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून काय झालं ते बघायला सुरुवात केली.

"क्लच! अगो, क्लच दाब ना!" मागच्या सीटवरून तिचा नवरा दिनानाथ ओरडला.

"दाबलाय."

"मंग बंद कशी पडली?"

सरूने गिअर काढला. तिने चावी फिरवली. गाडी कण्हली, सुरू झाली. तिने पाय दाबला, गाडी पुढे जायच्या ऐवजी क्षणभर विचारात पडल्यासारखी थबकली आणि पुन्हा मेली. शेजारी बसलेल्या कान्हू ड्रायव्हरने मग आपला लांब पाय गिअरच्या वरून अलीकडे टाकला, तिच्या पायासकट अॅक्सिलेटर खाली रेटला आणि गाडी कोकलत वळणाच्या बाहेर निघाली.

"बायकांचं काम नाय हे," टेम्पोवाला जाता जाता म्हणाला. हसत म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

दिनानाथ त्याला काही बोलला नाही. सरूला टेम्पोवाल्याचं नाही, हे लागलं.

सरू तेव्हा पन्नाशीला टेकली होती. माहेर खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. लहानपणी उन्हातान्हात मिठाच्या वाफ्यांच्या बांधांवरून धावलेली पोर. लग्न होऊन पेणला आली ती गणपतीच्या कारखान्यात. दिनानाथच्या आज्यापासूनचा तो कारखाना. अंगणात एका बाजूला शाडूची माती भिजत पडलेली, दुसऱ्या बाजूला प्लास्टरच्या गोण्या, आणि मांडवाखाली फळ्यांवर ओळीने पांढऱ्या मूर्ती. सरूने मूर्तींना पॉलिशपेपर मारला, साचे धुतले, कामगारांचा चहा केला, दोन पोरं वाढवली, आणि हे सगळं उभ्यानेच केलं. बसलेली सरू कुणी फारशी पाहिली नव्हती. "हिच्या पायाला भिंगरी हाय," सासू म्हणायची.

पण पोरगी ऋतुजा लग्न होऊन रोह्याला गेली, पोरगा प्रविण मस्कतला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात नोकरीला लागला, सासू वारली, आणि भिंगरीला फिरायला जागा उरली नाही. सरू दिवसातून चार वेळा फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. कशाला गेले होते, हे तिला आठवायचं नाही.

प्रविण गेल्या गणपतीत सुट्टीवर आला तेव्हा त्याने गाडी घेतली. पांढरी, नव्या तऱ्हेची. "हिला कार्बोरेटर नाय बाबा," तो दिनानाथला सांगत होता. "आत कॉम्प्युटर हाय. हवा किती आली ती मोजतो नि तेवढंच पेट्रोल सोडतो." दिनानाथने मान डोलावली होती. आरती झाली, विसर्जन झालं, प्रविण मस्कतला परत गेला, आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली राहिली. दिनानाथ तरुणपणी एकदा स्कूटरवरून पडून हात मोडून बसला होता, तेव्हापासून त्याने कुठल्याच वाहनाचं हँडल धरलं नव्हतं. कुठे जायचं झालं की कान्हूला बोलवायचं. कान्हूचा जन्म जीप चालवण्यात गेला होता.

नव्याण्णव साल उजाडल्यावर एक दिवस सरू म्हणाली, "मी शिकते."

"काय?"

"गाडी."

दिनानाथ एका मूर्तीच्या सोंडेचा सांधा बुजवत होता. त्याने वर बघितलंही नाही. "शिक. तेवढीच हौस," तो म्हणाला. त्याला वाटलं असेल, आठ दिवसांचा खेळ आहे.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट झाली. अंगणातल्या गाडीवर प्लास्टरची धूळ बसायची ती आतही जायची. मोरू मेकॅनिकने एकदा हवेचा फिल्टर काढून दाखवला तर कागदाच्या घड्यांत पिठाच्या गिरणीसारखा पांढरा थर. "हिला इथं ठेवलीत तर दर महिन्याला नवा टाकावा लागंल," मोरू म्हणाला. दिनानाथने हे फोनवर प्रविणला सांगितलं. प्रविणला आनंद झाला. त्याच्या दुकानातच तसला माल होता. गावाकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर त्याने लाल जाळीचा एक फिल्टर आणि तेलाची तशीच लाल बाटली पाठवून दिली. हा फिल्टर कापडाचा. तो टाकायचा नाही. धुवायचा, वाळवायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि परत बसवायचा. धूळ तेलाला चिकटते, आत जात नाही. "गाडी हाय तोवर फिल्टर हाय," प्रविण म्हणाला. "तेल मात्र थोडंच लावा बाबा."

फिल्टर दिनानाथने स्वतःच्या हाताने बसवला. पोराने एवढ्या लांबून पाठवलेली वस्तू, मोरूच्या हाती कशी द्यायची? चार खिट्ट्या काढल्या की डबा उघडत होता. तेलाचं म्हणाल, तर दिनानाथचा जन्म साच्यांना तेल लावण्यात गेलेला. साच्याला तेल कमी पडलं की मूर्ती चिकटते आणि निघताना कान नाहीतर बोट साच्यातच सोडून येते. जास्त झाल्याने आजवर काही बिघडलं नव्हतं. कोरडा राहण्यापेक्षा ओला बरा, या हिशेबाने त्याने बाटली उपडी केली. लाल कापड तेल पिऊन काळपट झालं, तेव्हा त्याचं समाधान झालं. पुढे एकदा फिल्टर काढून, धुऊन, त्याने पुन्हा तसाच माखला.

सरूचं शिकणं आणि हा फिल्टर, दोन्ही आगेमागे सुरू झालं. पहिले काही दिवस गाडी गुणाने चालली, सरूला ती वश होते आहे असं वाटायला लागलं, आणि मग गाडी बिथरली. निघताना अडखळायची. चौकात हळू केली की मरायची. अधूनमधून समोर एक पिवळा दिवा लागायचा, आपसूक विझायचा. कान्हूच्या हातात ती कमी बंद पडायची, कारण कान्हू तिला जीपसारखी हाणायचा, त्याचा पाय कायम दाबलेला. तेव्हा दोष जायचा तिथेच गेला.

"तुझा पाय कच्चा हाय," दिनानाथ म्हणायचा.

"वैनी, घाबरू नका, दाबा," कान्हू म्हणायचा.

मोरूने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. हवेच्या डब्याला त्याने हात लावला नाही. तो तर नवा होता, परदेशी होता.

सरूला एका जागी बसवेना. मूर्तीला पॉलिशपेपर मारताना तिचे पाय फळीखाली आपसूक चालायचे, डावा दाबायचा, उजवा हळूच, डावा सोडायचा. मालू तिच्या शेजारी कामाला बसायची. ती एक दिवस म्हणाली, "वैनी, पायांना मुंग्या आल्या का गो?" सरू ओशाळली. पण पाय थांबले नाहीत. जेवताना, देवापुढे दिवा लावताना, भाजी निवडताना तिच्या डोक्यात एकच चालायचं. मी कुठे चुकते? क्लच लवकर सोडते? उशिरा सोडते? ती रोज वेगळ्या तऱ्हेने करून बघायची आणि रोज कुठेतरी गाडी बंद पडायचीच. शेवटी तिने एक युक्ती काढली. निघताना उजवा पाय भसकन खाली. गाडी किंचाळायची, पण निघायची. दिनानाथ मागून म्हणायचा, "इंजिनाचा जीव घे आता." पण निघायची.

लायसनच्या परीक्षेला ती त्या युक्तीच्या भरवशावर गेली. साहेबांनी चढावर थांबायला सांगितलं, मग निघायला सांगितलं. ती दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा साहेबांनी हाताने खूण केली, बाजूला घ्या. "पुढच्या महिन्यात या, ताई. सराव करा." ते चांगलं बोलले, तरी घरी येईतो सरू खिडकीबाहेरच बघत राहिली.

"झालं समाधान?" दिनानाथ म्हणाला. "आता ती विकून टाकूया. प्रविणला सांगतो मी."

दुसऱ्या दिवशी सरूने पोह्याचे पापड डब्यात भरले, कान्हूला निरोप धाडला आणि म्हणाली, "मी रोह्याला जाते. ऋतुजाकडं. गाडी मी चालवणार, कान्हू शेजारी बसंल."

"हायवेनं?"

"दुसरा रस्ता हाय का?"

वडखळपर्यंत ठीक गेलं. कासू मागे पडलं, नागोठणंही मागे पडलं. मोठ्या रस्त्यावर गाडी एकसारखी चालली की अडखळत नसे, आणि सरूचे खांदे थोडे सैल झाले. सुकेळीच्या खिंडीत मात्र पुढचा मालट्रक रांगायला लागला. सरूने हळू केलं. मग आणखी हळू. ट्रक थांबला, सरूने ब्रेक मारला, आणि इंजिन चूप. मागे लोखंडी कांबी लादलेला ट्रेलर होता. त्याच्या ब्रेकचा सुस्कारा तिला बंद काचेतून ऐकू आला.

गाडी इंचभर मागे सरली.

"हँडब्रेक!" कान्हूने स्वतःच तो ओढला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बदलला होता. "उतरा वैनी, मी घेतो."

"नको."

"वैनी, मागं ट्रेलर हाय."

"दिसतोय मला." हात स्टिअरिंगला चिकटले होते. तिने चावी फिरवली, पाय तळाला नेला. इंजिन आरडलं, जळका वास सुटला, गाडी थरथरली, कान्हूने हँडब्रेक सोडला आणि गाडी माकडासारखी उडी मारून ट्रकच्या पाठीशी जाऊन भिडता भिडता राहिली. तशीच, धक्के खात, ती खिंड चढली. पलीकडे खांबला उतरल्यावर कान्हूने तिला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि टपरीवर जाऊन दोन चहा आणले. चहा संपला तशी सरूने पुन्हा चावी फिरवली.

रोह्याला ऋतुजाच्या दारात उतरली तेव्हा तिचा ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. ऋतुजाने "आई, तू चालवत आलीस?" म्हणून मिठी मारली आणि सरूला हसायचं सोडून रडायलाच आलं.

जावई सुशील धाटावच्या एका केमिकल कंपनीत होता, मीटर आणि मापं यांच्या खात्यात. शिफ्ट संपवून आला, हातपाय धुतले, सासूसमोर बसला. सरूने सगळं सांगितलं. सांगताना ती उभीच होती, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. सुशीलने मध्ये तोंड घातलं नाही. मग त्याने तिला एक प्रश्न विचारला. आजवर तो तिला कुणी विचारला नव्हता.

"आई, गाडी बंद पडते ती तुम्ही पाय दाबता तेव्हा, का उचलता तेव्हा?"

सरू थांबली. आठवून म्हणाली, "दोन्ही वेळेला. दाबला की आधी दम खाते. उचलला की मरते."

"आणि सुरुवातीला असं नव्हतं."

"सुरुवातीला नव्हतं. माघातनं व्हायला लागलं."

"माघात काय बदललं गाडीत?"

"फिल्टर," सरू म्हणाली. आणि तिने गाडीची चावी त्याच्यापुढे धरली.

उजेड होता तोवर सुशीलने गाडीचं झाकण उघडलं. चार खिट्ट्या काढल्या. लाल फिल्टर बाहेर आला तसं त्याच्या बुडातून तेल ओघळलं आणि डब्याच्या तळाशी तेलाचं थारोळं दिसलं. डब्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत त्याने बोट फिरवलं. बोट ओलं. त्या नळीच्या तोंडाशी छोटी एक डबी होती, ती त्याने पेचकसाने अलगद काढली आणि सरूच्या हातावर ठेवली.

"आत बघा. तार दिसते?"

केसाएवढी बारीक तार होती. पण केस स्वच्छ असतो. हिच्यावर तपकिरी, चिकट लेप होता, आणि त्या लेपात पांढरे कण रुतले होते. सरूने ते कण लगेच ओळखले. ते तिच्या घरचे होते.

"ही तार गरम असते," सुशील सांगू लागला. "बाहेरची हवा हिच्यावरनं जाते नि हिला गार करते. जितकी जास्त गार होते तितकी हवा जास्त, हे गाडीला हिच्यामुळं कळतं. त्यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. आता हिला तेलाची गोधडी पांघरली. हवा लागते, पण हिला नीट कळत नाही. गाडी चुकीचं पेट्रोल सोडते. म्हणून अडखळते, म्हणून मरते."

"म्हणजे माझा पाय..."

"तुमच्या पायाचं काही चुकलेलं नाही."

कान्हूने "आयला!" म्हणून कपाळाला हात लावला. ऋतुजा हसली. सरूला मात्र हसू आलं नाही. तिला वाटलं होतं, असं कुणी म्हणालं तर हलकं वाटेल. हलकं नाही वाटलं. उन्हाळाभर फळीखाली चालणारे पाय, चढावरचा साहेबांचा हात, एसटी स्टँडवर गप्प बसलेला नवरा, हे सगळं एकदम वर आलं आणि ते कुठे ठेवायचं ते तिला कळेना. ती अंगणात फेऱ्या मारायला लागली.

"फिल्टर वाईट नाही हो," सुशील तिच्या मागून म्हणाला. "जुन्या जीपला घातला असता तर वर्षानुवर्षं चालला असता. हिलाही कदाचित चालला असता. तेल फार झालंय. कुणी लावलं?"

सरूने त्याच्याकडे नुसतं बघितलं. सुशील समजला.

"बाबांना आत्ता काही बोलू नका, आई. पुढच्या वेळी आलो की मी बोलेन. जरा बेताने."

"तू जावई. तू बेतानंच बोलशील," सरू म्हणाली.

सुशीलने कंपनीतल्या नाजूक यंत्रांसाठी वापरतात तो फवारा आणला, तारेला कशाचाही स्पर्श न करता ती धुतली, वाळू दिली. रोह्याच्या दुकानात तसला कागदी फिल्टर नव्हता, दुकानदाराने पनवेलहून मागवून दिला. नळी पुसली, डबा पुसला. लाल फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवला. कान्हूला रोह्यातच एक भाडं मिळत होतं, पण सरूला एकटीला सोडायला तो तयार झाला नाही आणि सुशीलही झाला नाही. परतीला कान्हू शेजारीच बसला.

गाडी बदलली होती. बोट लावावं आणि निघावी, अशी झाली होती. सरूला ते सुखाचं व्हायच्या ऐवजी भीतीचं झालं. तिचा उजवा पाय दणकून दाबायला शिकलेला. प्रत्येक नाक्यावर तो आपला खाली जायचा आणि गाडी पुढच्याच्या अंगावर झेप घ्यायची. "हळू वैनी, आता हळू," कान्हू म्हणायचा. इतके दिवस तोच दाबा दाबा म्हणत होता. सरू दात आवळून पायाला सांगत राहिली, हळू. पाय ऐकायचा, विसरायचा, पुन्हा ऐकायचा.

पेण आलं. घराची गल्ली आली. कारखान्याच्या फाटकाशी छोटा चढ आहे, त्यावर गाडी हमखास मरायची. सरूने तो चढ बघितला आणि पायाने त्याचं शिकलेलं सगळं एकदम केलं.

गाडी फाटकातून आत सुटली. मांडव अंगावर आला. मालू किंचाळून बाजूला झाली, दिनानाथ हातात कोरणी घेऊन उभा होता तो तसाच उभा राहिला. सरूने ब्रेकवर दोन्ही पाय घातले. गाडी थांबली, पण तिच्या नाकाने पहिल्या फळीचा खांब हलवला होता. फळी एका बाजूने कलली. मूर्ती एकामागून एक सरकल्या, सावकाश, कुणालाही हात घालता येईल इतक्या सावकाश, आणि कुणीच हात घातला नाही. चार खाली पडल्या. प्लास्टरचा आवाज फारसा होत नाही. नुसता धप्प होतो.

मग धूळ खाली बसली.

"सांगितलं व्हतं!" दिनानाथचा आवाज फाटला. "सांगितलं व्हतं का नाय तुला! तुला नाय जमायचं! माणूस मेलं असतं!"

सरू गाडीतून उतरली. कान्हू काहीतरी बोलणार तेवढ्यात तिने त्याला थांबवलं. तिने मागचं दार उघडलं, सीटखालचं पुडकं काढलं, वर्तमानपत्र टराटरा फाडलं आणि लाल फिल्टर दिनानाथच्या हातात दिला. त्याच्या मनगटावरून तेलाचा ओघळ कोपरापर्यंत गेला.

"हे काय?"

"तुम्ही ओतलेलं तेल. ते आत जाऊन हवा मोजायच्या तारेवर बसलं. त्याच्यावर आपलं प्लास्टर बसलं. गाडी माझ्या पायानं नाय बंद पडत व्हती. ह्याच्यानं पडत व्हती. सुशीलनं काढून दाखवलं."

दिनानाथने बोटं एकमेकांवर घासली. तेल किती आणि प्लास्टर किती, हे त्याच्या बोटांना सांगावं लागत नसे. तो बराच वेळ घासत राहिला.

"आणि हे?" शेवटी त्याने फुटलेल्या मूर्तींकडे मान वळवली. आवाज खाली आला होता, पण प्रश्न सुटला नव्हता.

"हे माझं," सरू म्हणाली. "ह्या चार मूर्ती माझ्याकडनं गेल्या. मी वतून देते. पण उन्हाळाभर जे बोललात, ते तुमचं. दोन्ही एकात घालू नका."

मालू घमेलं घेऊन आली. सरूने खाली बसून तुकडे वेचले. हात, मुकुट, एक अर्धी सोंड, कशावर कुणाचा पाय पडणार नाही असं एका कोपऱ्यात नेऊन ठेवलं. त्या दिवशी तिने स्वतः साचे भरले. दिनानाथ पलीकडे काम करत होता.

प्रविणचा फोन शुक्रवारी यायचा, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. शेजारच्या खोलीत फोन, आणि सरू ओसरीवर मूर्ती घासत बसलेली. दिनानाथने फोन घेतला. पोराने इकडचं तिकडचं विचारलं असावं. मग दिनानाथ म्हणाला,

"तुझा तो लाल फिल्टर काढून ठेवलाय रे... नाय नाय, चांगला हाय. तू थोडं म्हणाला व्हतास, मी बाटली वतली. गाडीच्या त्या तारेवर बसलं तेल... व्हय. सुशीलनं केली साफ. तुझ्या आईला उगाच बोललो मी एवढे दिवस. तिचं काय नव्हतं... तू नको वाईट वाटून घेऊ. तुझं काय चुकलं त्यात?"

सरूचा हात थांबला होता. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. दिनानाथ बाहेर आला, पाण्याच्या पिंपाशी गेला, एक तांब्या पाणी प्यायला. जायला वळला.

"अवो."

"काय?"

"पोराला सांगितलंत. आता मला सांगा."

"ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. तरी सांगा."

दिनानाथ उभा राहिला. मांडवात मालू होती, आणखी दोघं कामाला होते. त्याने तिकडे बघितलं, मग सरूकडे. सरू नजर काढत नव्हती. आपल्याला इतका राग आहे हे तिलाही आजवर ठाऊक नव्हतं. तो काही बोलेल असं तिला वाटेना, आणि तो बोलला नसता तर तिने काय केलं असतं हेही तिला सांगता आलं नसतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मालूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "त्या टेम्पोवाल्याला मी बोलायला पायजे व्हतं. ते तर जास्तच चुकलं."

सरूने मान हलवली आणि पॉलिशपेपर पुन्हा हातात घेतला. तिचे डोळे भरले होते, पण धुळीने भरतात तसे. टेम्पोवाला याच्या लक्षात होता, हे तिला माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती परीक्षेला गेली. साहेब तेच होते. त्यांनी चढावर थांबवलं, निघायला सांगितलं, ती निघाली. त्यांनी कागदावर सही केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच. कान्हू टाळ्या वाजवत होता, सरूला त्याचंच हसू आलं.

लायसन हातात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री काढून ती गाडी पुसायला लागली. आता गाडी मांडवापासून लांब, फाटकाच्या पलीकडच्या चिंचेखाली उभी राहायची. दिनानाथ ओसरीवरून बघत होता.

"रोह्याला?"

"नाय. रोह्याला कालच फोन झाला."

"मंग कुठं?"

"अजून ठरलं नाय."

"मी येऊ?"

सरूने विचार केला. "आज नको," ती म्हणाली. "पुढल्या खेपेला या."

वडखळ नाक्यावर रस्ता फुटतो. एक गोव्याकडे, एक अलिबागकडे. अलिबागच्या रस्त्याला ती आजवर एसटीने गेली होती, लग्नावऱ्हाडात गेली होती, स्वतःच्या हाताने चालवत कधी गेली नव्हती. तिने गाडी हळू केली. वाटलं, आता मरेल. गाडी मेली नाही, नुसती गुरगुरत उभी राहिली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. सरूने उजवा पाय हळूच टेकवला, जरा जास्त टेकला, सावरला, आणि अलिबागच्या बाजूची बत्ती लावली.